बॉक्सिंग डे: ना ठोसे, ना दानधर्म

2020च्या डिसेंबरात ॲडलेडला 36 धावांत गारद झालेला भारतीय संघ 26 तारखेला मेलबर्नच्या मैदानात उतरला. अजिंक्य रहाणेने 112 धावा ठोकल्या, आपण आठ गडी राखून जिंकलो आणि ‘बॉक्सिंग डे टेस्ट’ पुन्हा सगळ्यांच्या तोंडी झाली. त्या नावाची जन्मकथा मात्र जो तो आपापल्या परीने सांगतो.

मुष्टियुद्धाशी या दिवसाचा काही संबंध नाही, एवढं सांगून पुढे जाऊ. ‘नाताळच्या भेटींची खोकी उघडण्याचा दिवस’ हेही खरं नाही. दुकानातून कागदात गुंडाळून आणलेल्या भेटींची रीत आली त्याच्या कितीतरी आधीपासून ‘ख्रिसमस बॉक्स’ इंग्लंडमध्ये होता. हा बॉक्स म्हणजे पैसे टाकायला चीर ठेवलेला मातीचा गल्ला. लंडनमधल्या कारागिरांकडे काम शिकणारी पोरं नाताळच्या सुमारास गिऱ्हाइकांपुढे तो धरायची आणि भरला की फोडून पैसे वाटून घ्यायची.

सॅम्युएल पीप्स या नौदल खात्यातल्या अधिकाऱ्याने 19 डिसेंबर 1663च्या रोजनिशीत चांभाराचं बिल चुकतं केल्याची आणि त्याच्या पोरांच्या नाताळ-पेटीत काहीतरी टाकल्याची नोंद केली आहे. पाच वर्षांनी त्याचा सूर बदललेला दिसतो. 28 डिसेंबर 1668ला सकाळीच दारात ढोल-कर्णे वाजले. हे वाजंत्री आणि या पेट्या, यांपायी यंदा फार पैसे गेले आणि अजून जाणार, अशी त्याची कुरकुर. ‘गलिव्हर’वाला जोनाथन स्विफ्ट तर 1710च्या 26 डिसेंबरला चक्क वैतागला होता. कॉफीहाउसातल्या नोकरांनी आपला ‘कर’ वाढवला, लाजेकाजेस्तव द्यावा लागला, शिवाय बड्या लोकांच्या दरवानांचे हात ओले करावे लागले ते वेगळेच.

या नोंदी मला महत्त्वाच्या वाटतात, कारण सर्वांत लाडका गैरसमज त्यांच्यापुढे टिकत नाही. दयाळू मालक नाताळच्या दुसऱ्या दिवशी गरीब नोकरांना भेटीची पेटी देत, ही ती गोड गोष्ट. ती अगदीच खोटी नाही. नाताळच्या दिवशी घरचे नोकर राबायचे, त्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळायची आणि बरोबर काहीबाही दिलंही जायचं. पण दार ठोठावणारे बहुतेक जण घरचे नोकर नव्हतेच. दुकानातली पोरं, रात्रीचे पहारेकरी, रस्त्यावरचे दिवे लावणारे, कचरा नेणारे आणि पुढे पोस्टमन असे ते लोक. पहारेकरी आणि दिवेवाले तर छापील कवने घेऊन येत, म्हणजे मागणं जरा सुसंस्कृत दिसे. दिवाळीची पोस्त ज्यांनी दिली आहे किंवा मागितली आहे, त्यांना हा मामला वेगळा समजावून सांगायला नको. ती भीक नव्हती आणि बक्षीसही नव्हतं. वर्षभराच्या सेवेचा तो मागून घेतलेला हक्क होता.

चर्चमधली दानपेटी 26 तारखेला उघडून गरिबांत वाटत, त्यावरून हे नाव पडलं, असंही छातीठोकपणे सांगतात. दानपेट्या होत्या, सेंट स्टीफनचा सणही त्याच दिवशी येतो. पण 1611 सालच्या रँडल कॉटग्रेव्हच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात या चीर पाडलेल्या पेटीबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की ती फ्रान्समध्ये भिक्षेकरी साधू वापरतात आणि इंग्लंडात बटलर व उमेदवार पोरं. राजा वेन्सेस्लासने ही प्रथा सुरू केली म्हणणाऱ्यांची मदार एका नाताळगीतावर आहे. वेन्सेस्लास दहाव्या शतकातला बोहेमियाचा ड्यूक होता आणि ते गीत जॉन मेसन नील यांनी 1853 साली प्रसिद्ध केलं. तोवर लंडनची पोरं दोनशेहून अधिक वर्षं गल्ले फोडत होती.

हिंदुस्थानात आल्यावर साहेबांच्या नाताळात भेटींची गंगा उलटी वाहू लागली. इथे हाताखालचे लोक, व्यापारी आणि कंत्राटदार साहेबाच्या बंगल्यावर फळं, मिठाई, सुकामेवा यांची ‘डाली’ पाठवू लागले. डालीच्या तळाशी आणखी मौल्यवान काही असण्याची सोय उघड होती. त्यामुळे अधिकाऱ्यांनी फळं-फुलं सोडून काही घेऊ नये, असे नियम सरकारला करावे लागले. ब्रिटिशांनी आपल्याला बॉक्सिंग डेची दानत शिकवली, असं कोणी म्हणालं तर त्याला या डालीची आठवण करून द्यावी.

हा दिवस सनातन काळापासून सुट्टीचा आहे, हाही भ्रमच. 26 डिसेंबर ही बँकांची अधिकृत सुट्टी झाली ती 1871च्या कायद्याने. तो आणणारे सर जॉन लबक स्वतः बँकर होते आणि फावल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास करत. हा कायदा इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडला या दिवसाची सुट्टी देऊन गेला. स्कॉटलंडच्या यादीत तेव्हा 26 डिसेंबर नव्हताच.