वर्गांतील वाद आणि घरांतील वळण

शाळा-महाविद्यालयांतून वादविवाद घेण्याचा प्रघात आतां चांगलाच रूढ झाला आहे. परीक्षा असाव्यात कीं नसाव्यात, शिक्षण मातृभाषेंतून द्यावें कीं इंग्रजींतून, अशा प्रश्नांवर मुलें दोन बाजू घेऊन बोलतात. हें इष्टच आहे. परंतु पुष्कळदां विषय बाजूला राहतो, आवाज चढतात, आणि तास संपतो तेव्हां ज्ञानाऐवजीं मनांत अढी मात्र उरते. अशा वेळीं मुलांना दोष देऊन आपण मोकळे होतों. पण शांतपणें मतभेद मांडावयास तीं शिकलीं असतीं तरी कोठें, हा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारण्याजोगा आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं या विषयाचा फार बारकाईनें विचार केलेला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठीं होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठीं वाटेल त्या साधनांनीं चालते ती जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां केवळ दुसऱ्याचें खोडून काढणें ती वितंडा. वाद कोणाशीं करावा हेंहि तेथें सांगितलें आहे: गुरु, शिष्य, सहाध्यायी, आपलें कल्याण इच्छिणारे जाणते लोक, आणि तेहि मनांत असूया नसलेले. या मालिकेंत सहाध्यायी आहे हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. समोरच्या बाकावरील मुलगा किंवा मुलगी हा आपला शत्रु नव्हे. एकाच शोधाला निघालेला तो सोबती आहे. जल्प व वितंडा यांनाहि शास्त्रानें एक जागा दिली आहे. कोवळ्या अंकुराभोंवतीं कांटेरी फांद्यांचें कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग. पण कुंपण वाफ्याच्या बाहेर असतें. वर्ग हा वाफा आहे. तेथें कांटे पसरण्याचें कारण नाहीं.

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत वैद्यांच्या परस्पर चर्चेचे नियम आहेत, ते तर आजच्या वर्गाच्या भिंतीवर लावावेत असे आहेत. मोकळ्या मनानें विचारावें आणि मोकळ्या मनानें सांगावें. हरण्याच्या भीतीनें अस्वस्थ होऊं नये. दुसरा निरुत्तर झाल्यास हर्ष मानूं नये व चारचौघांत त्याची फुशारकी मारूं नये. एकाच बाजूस हट्टानें चिकटून राहूं नये. आणि जें ठाऊक नाहीं त्याचें वर्णन करूं नये. वैद्यांना हे नियम घालून देण्याचें कारण उघड आहे. तेथें वैद्याच्या अहंकाराची किंमत रोग्याला मोजावी लागते.

यांतील हरण्याच्या भीतीचा उल्लेख मार्मिक आहे. मुलगा वादांत रागावतो तो बहुधा दुष्टपणानें नव्हे, तर आपलें हसें होईल या धास्तीनें. म्हणून ‘शांत राहा’ एवढें सांगून भागत नाहीं. त्याच्या हातीं एखादी रीत द्यावी लागते. ती रीतहि आपल्या परंपरेंत आहे, आणि तिचें नांव पूर्वपक्ष. स्वतःचें मत सांगण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें मत त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधीं मांडावयाचें. ‘तुझें म्हणणें असें आहे ना?’ एवढें विचारून मगच उत्तर द्यावें. एवढ्यानें ऐकणें भाग पडतें, रागाचा पहिला झटका ओसरावयास अवधि मिळतो, आणि दुसऱ्याला आपली दखल घेतली गेल्याचें समाधान मिळतें. ‘तूं खोटें बोलतोस’ याऐवजीं ‘या विधानाला आधार काय?’ असें विचारावयास शिकवावें. पहिल्या वाक्यानें माणूस दुखावतो, दुसऱ्यानें विधान तपासलें जातें.

आतां एक गोष्ट आपल्यासारख्या घरांनीं विशेषेंकरून ध्यानीं घ्यावयास हवी. न्यायशास्त्रांत छल नांवाचा दोष सांगितला आहे. बोलणाऱ्याचा आशय सोडून त्याचा शब्द पकडणें. एखादा म्हणाला, ‘याच्याजवळ नव कंबल आहे,’ तर ‘नऊ कोठें आहेत? एकच तर दिसतें!’ असें म्हणणें हा छल. आपल्या मुलांना घरींच ग्रंथांची भाषा मिळते. वर्गांतील दुसऱ्या मुलाच्या तोंडीं त्याच्या गांवची बोली असते. तो ‘ण’च्या जागीं ‘न’ म्हणाला कीं हंशा पिकतो, आणि त्याचा मुद्दा कितीहि सबळ असो, तो तेथेंच मरतो. हा छलच होय. शुद्ध बोलणें म्हणजे खरें बोलणें नव्हे. असा एकदां हंसला गेलेला मुलगा पुन्हां हात वर करीत नाहीं. आणि हंसणाऱ्या मुलाला आपण जिंकलों असें आयुष्यभर वाटत राहतें. दोघांचेंहि नुकसान मोठें आहे.

शांत राहणें म्हणजे अपमान गिळणें मात्र नव्हे. कोणी कोणाच्या जातीवर, गरिबीवर वा आईबापांवर गेला, तर ‘हें विषयाला धरून नाहीं, शब्द मागें घे,’ असें ठामपणें सांगणें हाहि विनयच आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासांत वादाचीं दोन्ही रूपें दिसतात. आगरकर जिवंत असतांना त्यांची प्रेतयात्रा काढणारे लोक पुण्यांतच निघाले. ज्यांच्याजवळ उत्तर नव्हतें त्यांनीं तिरडी बांधली. उलट, लोकमान्य टिळक व गोखले यांचे मार्ग भिन्न होते, आणि १९०७ सालीं सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हां ते विरुद्ध गोटांत होते. परंतु १९१५ सालीं गोखले निवर्तले तेव्हां टिळकांनीं स्मशानांत त्यांचा मुक्तकंठानें गौरव केला. जन्मभर मतभेद टिकला, आणि आदरहि टिकला.

हें वळण लागतें तें घरांत. ‘मोठ्यांच्या तोंडीं लागूं नये’ एवढेंच ऐकत वाढलेलें मूल वर्गांत एकतर मुकें बसतें, नाहींतर ओरडतें. कारण मधली वाट त्यानें पाहिलेलीच नसते. पंगतीवर आजोबांनीं नातीला ‘तुला माझें म्हणणें कां पटत नाहीं, तें सांग,’ असें विचारावें. तिचें बोलणें पुरें होईपर्यंत काकांनीं थांबावें. आणि तिचा मुद्दा योग्य असेल, तर ‘तुझें बरोबर आहे,’ असें सर्वांदेखत म्हणावें. वडीलधाऱ्या माणसाचें तें एक वाक्य मुलाला जें शिकवील, तें शिक्षकाच्या दहा सूचनांनीं साधणार नाहीं.