आज कोण आलं नाही?

नगर जिल्ह्यातल्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा आठवडा

रविवारची उपासना शेवटाकडे आलेली असते. उपदेश झाला, अर्पणाची पिशवी फिरून मेजापाशी पोचली. शेवटचा आशीर्वाद व्हायचा असतो आणि त्याआधी पाळकसाहेब किंवा मंडळीचा सेक्रेटरी हातात कागद घेऊन उभा राहतो. आता सूचना. वस्तीवरच्या आजींना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवले आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. गुरुवारची घरगुती प्रार्थना अमुक घरी, साडेसात वाजता. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, त्याने पहिल्या पगारातून उपकारस्तुतीचे पाकीट दिले आहे. एका लग्नाची सूचना आज दुसऱ्यांदा वाचली जाते. कुणाची हरकत असेल तर कळवावी. महिला मंडळाने शनिवारी झाडलोटीला यावे.

बाहेरच्या माणसाला हा उपासनेतला सर्वांत रुक्ष भाग वाटेल. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पन्नास-साठ कुटुंबांची छोटी मंडळी पुढचे सहा दिवस कुणाकुणाकडे जाणार, काय करणार, हे त्या कागदावर लिहिलेले असते. जे कागदावर नसते ते बाया-माणसे नजरेने टिपतात. चर्चमध्ये बसायच्या जागा ठरून गेलेल्या असतात. एखादी जागा दोन रविवार रिकामी दिसली की बाहेर पडताना विचारणा होतेच. आज कोण आलं नाही? का आलं नाही? या प्रश्नावरच छोट्या मंडळीचे सगळे काम उभे आहे.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अशा मंडळ्या राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, पारनेर अशा तालुक्यांत विखुरलेल्या आहेत. त्यांचे मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. 1831 मध्ये मिशनचे काम नगरला सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली नगरलाच निघाले. हे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे होते. मंडळीचा कारभार मंडळीनेच पाहायचा, आपले पंच आपणच निवडायचे, हिशेब सभासदांपुढे मांडायचा, ही त्या पंथाची शिस्त. जातीच्या उतरंडीत ज्यांना गावच्या पंचायतीत बसायला जागा नव्हती, अशा माणसांच्या हाती पहिल्यांदा मताचा हक्क आला तो अशा मंडळ्यांत.

सभासदांतले बहुसंख्य खेड्यांतल्या महार आणि मांग समाजातून आले. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर ही संख्या वाढली. भाकरीसाठी धर्म बदलला, असा आरोप तेव्हापासून होत आला. पण दुष्काळ सरल्यावरही माणसे टिकली, आणि त्याचे एक मोठे कारण शाळा होती. गावातल्या मिशनच्या खोलीत आठवडाभर पाटी-पेन्सिल चाले आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. पुष्कळ ठिकाणी मास्तर तोच, उपदेशकही तोच. बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती बाया घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवत. मंडळीने माणसाच्या दारी जायचे, हा रिवाज त्या काळापासूनचा आहे.

या परंपरेला मराठी सूर दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढचे बरेचसे आयुष्य नगर-राहुरी भागात गेले. मराठी माणसाने देवाला आळवावे ते मराठी चालीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी चर्चमध्ये रूढ झाली. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक आजही जवळपास प्रत्येक प्रोटेस्टंट घरात सापडते, आणि पेटी-तबला-टाळांवर टिळकांचे पद सुरू झाले की पुस्तक न उघडता गाणारे निम्मे तरी निघतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ साहित्य म्हणून आपण वाचतो. पण मंडळीचे जगणे समजून घ्यायचे असेल तर तेच पुस्तक पुन्हा वाचावे. घरात पैसा नाही आणि तरी परक्याच्या मुलाला ताट वाढलेले आहे, असे ते घर होते.

आता आठवडा. शनिवारी संध्याकाळी चर्चचे दार उघडते. सतरंज्या झटकल्या जातात, फुलदाण्या भरल्या जातात. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार असेल तर प्रभुभोजनाची तयारी असते. काचेचे इवलेसे पेले गरम पाण्यातून काढून फडक्यावर पालथे घालायचे, पावाच्या कडा काढून त्याचे सारखे चौकोनी तुकडे करायचे, द्राक्षरस गाळून ठेवायचा. हे काम वर्षानुवर्षे त्याच दोन-तीन बाया करतात. तुकडे किती करायचे हे त्यांना विचारावे लागत नाही. गावाला कोण गेले, बाळंतपणासाठी माहेरी कोण आली, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. आणि चार-पाच पेले त्या मुद्दाम बाजूला काढून ठेवतात. ते अंथरुणाला खिळलेल्यांसाठी.

रविवारी दुपारी पाळक एका छोट्या डब्यात ते साहित्य घेऊन निघतात, बरोबर एखादा पंच. खोलीत खाट, खाटेखाली औषधांचा डबा, भिंतीवर वचनाचे कॅलेंडर. सून पदर सावरून डोक्याशी उभी राहते. प्रभूची प्रार्थना सुरू होते आणि काल नातवाचे नाव न आठवलेली म्हातारी ती प्रार्थना शेवटपर्यंत बिनचूक म्हणते. पावाचा तुकडा रसात भिजवून तिला भरवतात. पंधरा मिनिटांचे काम. पण मंडळीने मला टाकलेले नाही, ही खात्री म्हातारीला महिनाभर पुरते. सुनेलाही पुरते, कारण निघताना पंच तिच्या थकल्या चेहऱ्याकडे पाहून विचारतो, रात्री कुणी बसायला हवे आहे का?

मधल्या वारी घरगुती प्रार्थना असते. आज या घरी, पुढच्या आठवड्यात त्या घरी. दोन गीते, एक शास्त्रभाग, प्रार्थना, मग चहा. खरी माहिती चहाच्या वेळी बाहेर येते. मुलीची फी थकली आहे, धाकटा दारू पिऊन येतो, पेरणीला पैसे नाहीत. उपवास-प्रार्थनेला बायका दुपारी जमतात आणि रविवारी चारचौघांत न निघणारे दुखणे तिथे निघते. पाळकीणबाईंचे काम इथे कळते. त्यांना पगार नाही, हुद्दा नाही. पण नवऱ्याने हात उगारलेली बाई आधी त्यांच्याकडे येते. मंडळ्यांनी या कामाची दखल कधी नीट घेतली नाही, ती घ्यायला हवी.

मदतीचा पैसा कुठून येतो? वर्गणी, रविवारचे अर्पण, वाढदिवसाची पाकिटे, आणि वर्षातून एकदा उपकारस्तुतीचा सण. त्या दिवशी बाजरी-ज्वारीची पोती, भोपळे, अंडी, कोंबडी, घरचे लोणचे असे सगळे चर्चपुढे मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव पुकारतात. एक दुधी भोपळा बाजारभावाच्या दहापट किमतीला जातो, घेणारा तो पुन्हा मंडळीला देऊन टाकतो आणि भोपळा परत लिलावाला उभा राहतो. चढाओढीने हसतखेळत जमलेल्या या पैशातून छप्पर दुरुस्त होते, आणि एखाद्याच्या ऑपरेशनचा पहिला हप्ताही भरला जातो.

मरणाच्या वेळी मंडळीची खरी परीक्षा होते. निरोप येताच तरुण संघाची मुले कबर खोदायला निघतात, कुणी शवपेटीचे पाहते, कुणी परगावच्या नातेवाइकांना फोन लावते. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. भाकरी-कालवण शेजारून येते, आणि ते शेजारी सगळे ख्रिस्ती असतात असे नाही. दफनानंतरही काही दिवस संध्याकाळी सांत्वनाची प्रार्थना चालते. विधवेचे पुढे काय, पोरांच्या शाळेचे काय, हा विषय पंचांच्या पुढच्या बैठकीत निघतोच.

हे सगळे कागदावरही उतरते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या पाळकांच्या कपाटात असतात. ख्रिस्ती लग्ने 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लागतात. लग्न साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचे आणि वहीत वधूवरांबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. जुन्या वहीत पणजोबांच्या पिढीच्या सहीच्या जागी अंगठा दिसतो, त्याच घरातल्या आजोबांची सही मोडीवळणाची, आणि नातीची इंग्रजीत. एका कुटुंबाचा शंभर वर्षांचा प्रवास असा दोन-तीन वह्यांत मावतो.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि नगरकडच्या यांतल्या बहुतेक मंडळ्या तिच्यात सामील आहेत. त्याच वर्षी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातलीच बाई शिकवून तिच्याकरवी घरोघरी आरोग्य पोचवायचे, ही त्यांची पद्धत. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शिक्षक आईवडिलांच्या घरात वाढले. आजारी माणूस दवाखान्यात येण्याची वाट पाहू नये, आपण त्याच्या दारी जावे, हा विचार या मातीतल्या मंडळ्यांना ओळखीचा होता, असे मी मानतो.

चित्र सगळे उजळ नाही. मिशनच्या जमिनी, ट्रस्ट, पंचांच्या निवडणुका यांवरून भांडणे होतात, कोर्टापर्यंत जातात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे गरिबी तीच राहिली तरी सवलत सुटली, आणि अडल्या माणसाचा भार मंडळीवर जास्त पडला. तरुण मुले पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबईकडे गेली. कित्येक गावांत एका पाळकाला दोन-तीन मंडळ्या सांभाळाव्या लागतात. मोठ्या शहरांत पडद्यावर गाणी दाखवणारी, हजार खुर्च्यांची सभागृहे आहेत. तिथला उपदेश प्रभावी असेल, संगीत सुरेल असेल. पण हजार माणसांत एक आले नाही तर ते कुणाला कळणार? छोट्या मंडळीत माणूस लपत नाही. याचा कधी जाचही होतो, चौकशा नकोशा होतात. तरी आजारपणात, बेकारीत, म्हातारपणात हीच चौकशी माणसाला उभे करते, आणि तिला पर्याय मला अजून दिसलेला नाही.

म्हणून गावाबाहेर पडलेल्या तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते. नाताळाला गावी जाता, नवे कपडे घालून फोटो काढता, ते जरूर करा. पण आपल्या मंडळीची वर्गणी वर्षभर पाठवा. सुटीला गेलात की सेक्रेटरीकडून अंथरुणावरच्या माणसांची यादी घ्या आणि दोन घरी तरी जाऊन बसा. आणि शहरात जिथे असाल तिथे एखाद्या छोट्या मंडळीत नाव घाला, म्हणजे तुम्ही दोन रविवार दिसला नाहीत तर तुमच्या दारावर कुणीतरी थाप मारील.