बशीतला चहा आणि ५०० घोडे

सायकलच्या टायरमध्ये जोरजोरात हवा भरल्यावर पंपाच्या तळाला कधी हात लावलाय? चटका बसतो. घर्षणाचा त्यात थोडा वाटा असतो, पण खरी करामत हवेची. तिला दाबलं की ती तापते. तुमच्या दंडांनी तिला दाबायला जे कष्ट घेतले, ते उष्णता होऊन तिच्यातच मुरतात.

आता दंडांच्या जागी मिनिटाला लाखभर फेरे घेणारं चक्र ठेवा. हा झाला टर्बोचार्जर. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या गरम धुरावर चक्र फिरवायचं आणि त्याच जोरावर बाहेरची हवा दाबून इंजिनाच्या घशात कोंबायची, या कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच घेतलं होतं. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद.

किती हवा? टोयोटा सुप्राचं ३ लिटरचं इंजिन घेऊन त्यातून ५०० अश्वशक्ती काढायचा हट्ट धरला, तर त्याला मिनिटाला साधारण २२ किलो हवा लागते. हो, किलो! दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा हे इंजिन दीड मिनिटात फस्त करेल.

आणि ही हवा थंड नसते. बाहेर ३० अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला, की टर्बोतून ती १२० अंशांच्या आसपास बाहेर पडते. पाणी उकळतं त्याच्याही वर! गरम हवा विरळ असते, म्हणजे कोंबण्याची अर्धी मेहनत पाण्यात. शिवाय सिलिंडरमध्ये ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसावेत तसे ठोके बसतात. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. असे ठोके खाऊन पिस्टनला भोक पडलेलं एकदा पाहाच, मग उष्णतेशी कुणी थट्टा करत नाही.

म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मधे येतो इंटरकूलर. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याची जाळी. नळ्यांतून टर्बोतली तापलेली हवा जाते, जाळीतून रस्त्यावरचा वारा. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, फक्त उष्णता इकडची तिकडे होते. (टाटाच्या ट्रक-बसच्या इंजिनांच्या नावात टीसीआयसी ही अक्षरं दिसतात ना? त्यातलं आयसी ते हेच.) आपल्या सुप्रातली हवा १२० वरून ५० अंशांवर आणायची, तर किती उष्णता बाहेर फेकावी लागेल? २६ किलोवॉट. न्हाणीघरातले २ किलोवॉटचे तेरा गीझर एकदम सुरू केल्यासारखी! ज्याचा एकही भाग हलत नाही, असा हा डबा ही उष्णता गुपचूप वाऱ्यावर सोडतो आणि त्याच दाबात सुमारे २० टक्के जास्त हवा इंजिनात जाते.

मग मोठ्यात मोठा इंटरकूलर बसवला की झालं? इथेच गंमत आहे. हवेला नळ्यांतून वाट काढावी लागते आणि त्यात दाब खर्च होतो. इंटरकूलरने ०.२ बार गिळला, तर इंजिनापर्यंत १ बार जादा दाब पोचवायला टर्बोला १.२ बार काढावा लागतो. मग टर्बोतून निघणारी हवा १२० ऐवजी १३० अंशांच्या पुढे जाते. थंड करायला आणलेलं यंत्रच हवा तापवायला लागतं! आत मोकळी वाट ठेवली तर हवा धातूला नीट न शिवताच निसटते. आत दाट जाळी भरली तर ती अडते. निवड म्हणजे या दोन टोकांमधली जागा शोधणं.

आकाराचं उत्तर मात्र आपल्या घरातच आहे. घाई असली की चहा बशीत का ओततो? पसरलेला चहा लवकर निवतो. इंटरकूलरचंही तसंच: जाडीपेक्षा पसारा मोलाचा. जाड कोअरमध्ये, म्हणजे नळ्या-जाळीच्या गाभ्यात, समोरचा वारा पहिल्या दोन-तीन इंचांतच तापतो. पुढच्या धातूला द्यायला त्याच्याकडे गारवा उरत नाही, आणि मागच्या रेडिएटरला उसासे तेवढे मिळतात. वाऱ्यालाही सोपी वाट आवडते. बाजूच्या फटी बुजवल्या नाहीत, तर तो महागड्या इंटरकूलरला वळसा घालून निघून जातो.

ताकद वाढली की जुना इंटरकूलर अपुरा पडतो, हे विमानांना आधीच कळलं होतं. लॉकहीडच्या पी-३८ लढाऊ विमानात दाबलेली हवा पंखाच्या पोकळ पुढच्या कडेतून फिरवून गार करत. पंखच इंटरकूलर! केवढी सुंदर युक्ती. पण इंजिनं दमदार होत गेली आणि पंख पुरेना. १९४३ मध्ये आलेल्या पी-३८ जे या आवृत्तीत इंजिनांच्या हनुवटीखाली वेगळे इंटरकूलर बसले आणि पंखातल्या रिकाम्या जागेत इंधनाच्या टाक्या आल्या.

ड्रॅग शर्यतवाल्यांची तऱ्हाच वेगळी. पाव मैल, दहा-बारा सेकंद, खेळ खलास. ते वाऱ्याऐवजी पाण्याचा इंटरकूलर घेतात आणि टाकीत बर्फ टाकतात. आपले तेरा गीझर दहा सेकंदांत किती बर्फ वितळवतील? किलोभरसुद्धा नाही! पण हीच गाडी तासभर ट्रॅकवर पळवा. बर्फ संपतो, पाणी तापतं आणि समोरचा वाराच खरा सोबती ठरतो. तिथे मला हलका, पसरट, वाऱ्याच्या तोंडावर बसवलेला इंटरकूलर कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

तेव्हा तुम्ही खरंच अशी गाडी बांधत असाल, तर कॅटलॉग नंतर उघडा. आधी इंटरकूलरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे तापमापक आणि दाबमापक बसवा, आणि भर दुपारी गाडी पळवून चारही आकडे लिहून आणा.