तेरा वर्षांनी पुढे आलेला ड्रायव्हर

पनवेलकरांना सलमान खान ठाऊक आहे तो वाजे गावातल्या ‘अर्पिता फार्म्स’मुळे. पण फौजदारी वकिलीतले डावपेच समजून घ्यायचे, तर त्याच्यावरच्या वांद्र्याच्या खटल्याचे कागद चाळावे लागतात.

२८ सप्टेंबर २००२. मध्यरात्र उलटून गेल्यावर हिल रोडवरच्या अमेरिकन एक्स्प्रेस बेकरीसमोर सलमानची लँड क्रूझर फुटपाथवर चढली. तिथे झोपलेल्यांपैकी एक जण दगावला, चौघे जखमी झाले. फिर्याद दिली ती सलमानच्याच संरक्षणासाठी नेमलेले पोलीस शिपाई रवींद्र पाटील यांनी.

सलमान दारू पिऊन गाडी चालवत होता, असा आरोप होता. पहिली लढाई कलमावरून झाली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं ३०४ भाग दोन (सदोष मनुष्यवध) लागलं तर दहा वर्षांपर्यंत कैद होती, ३०४-अ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) लागलं तर जास्तीत जास्त दोन. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ मध्ये सौम्य कलमाखाली दंडाधिकाऱ्यांपुढे साक्षी सुरू झाल्या, २०१३ मध्ये गंभीर कलम लागून खटला सत्र न्यायालयात गेला आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. दरम्यान पाटील समन्सला हजर राहिले नाहीत म्हणून अटकेत गेले, नोकरी गमावून बसले आणि २००७ मध्ये क्षयाने वारले.

मार्च २०१५ मध्ये बचाव पक्षाने खान कुटुंबाच्या जुन्या ड्रायव्हरला उभं केलं. गाडी मी चालवत होतो, टायर फुटला, असं त्याने शपथेवर सांगितलं. क्रेनने गाडी उचलताना ती निसटली आणि त्यातच तो माणूस दगावला, असाही बचाव होता. हे तेरा वर्षं कुठे होते, या प्रश्नावर सरकारी वकील प्रदीप घरत यांनी भर दिला. ६ मे रोजी सत्र न्यायालयाचे न्या. देशपांडे यांनी सलमानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच संध्याकाळी, निकालाची प्रत मिळाली नाही या मुद्द्यावर, उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन झाला. १० डिसेंबरला उच्च न्यायालयाचे न्या. ए. आर. जोशी यांनी सलमानला निर्दोष सोडलं.

आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे आणि पुराव्यातली भोकं दाखवणं हे वकिलाचं कामच. ती भोकं सरकारी पक्षानेही ठेवली होती. गाडीत असलेला गायक कमाल खान याला साक्षीला बोलावलंच नाही. पाटलांच्या पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता. गंभीर आरोपावर त्यांची उलटतपासणी झालेली नव्हती, म्हणून त्यांची जुनी साक्षही टिकली नाही. कलमाचा वाद आधी, मुदत घालून संपवला असता तर साक्षीदार हयात असताना ही उलटतपासणी झाली असती. हे घडायलाच हवं होतं.

दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात तर वकिलांनी सीमाच ओलांडली. बचावाचे वकील आर. के. आनंद साक्षीदाराला फितवत असल्याचं २००७ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने टिपलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवला. वांद्र्याच्या खटल्यात असं काही सिद्ध झालेलं नाही, हेही नोंदवायला हवं.

त्या खटल्यातले सरकारी वकील घरत पुढे पनवेलच्या सत्र न्यायालयात अश्विनी बिद्रे खून खटल्याचे विशेष सरकारी वकील झाले. एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झालेल्या या पोलीस अधिकाऱ्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीवर न्यायालयाने पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरला जन्मठेप दिली, ती एप्रिल २०२५ मध्ये, नऊ वर्षांनी.