छर्रा थांबवायचा नसतो, थकवायचा असतो: घरगुती पेलेट ट्रॅप

आजचा भाग जरा ठोकाठोकीचा आहे. मागे मी एअर रायफल घेतल्याचं सांगितलं होतं, तेव्हापासून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न: घरात मारतोस, मग छर्रे जातात कुठं?

सुरुवातीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कोल्हापूरच्या घरी वरच्या मजल्यावर मी जाड फळीवर टार्गेट चिकटवलं आणि ६ मीटरवरून मारायला लागलो. तिसऱ्या दिवशी आई चहा घेऊन माझ्या मागे उभी होती. मी ट्रिगर दाबला आणि मागून 'टिंग' आवाज आला. छर्रा फळीवरून उलटा येऊन तिच्या हातातल्या स्टीलच्या ट्रेवर आपटला होता. आई एवढंच म्हणाली, "नीट कर, नाहीतर बंद कर."

झालं काय होतं? फळीत आधीच रुतलेल्या शिशाच्या छर्र्यावर नवा छर्रा बसला आणि परत फिरला. आता गणित बघा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर ऊर्जा होते सुमारे सव्वासात ज्यूल. म्हणजे एक किलो साखरेची पिशवी पाऊण मीटरवरून पडावी तेवढी, पण सगळी वाटाण्यापेक्षा लहान जागेवर. समोर काही कडक आलं की यातला थोडा भाग परत येतो, आणि डोळ्याला तेवढा पुरतो. म्हणून छर्रा एकदम अडवायचा नाही, हळूहळू थकवायचा.

मी केलं ते असं. १५ किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, साबणानं धुतला, वरचं झाकण पूर्ण कापलं आणि कडा आत वळवून ठोकल्या. तळाशी ३ मिलिमीटरची लोखंडी प्लेट बसवली. ती फॅब्रिकेशनवाल्यानं मापात कापून दिली. मग डबा आडवा ठेवून जुन्या जीन्स आणि चादरींच्या घड्या आत कोंबल्या. बटणं, चेन आधी काढा, धातू आत नको. घड्या इतक्या घट्ट हव्यात की बोट सहज आत जाऊ नये. तोंडावर खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर टार्गेट.

आता टेस्टिंग. सॉफ्टवेअरवाला आहे, टेस्ट न करता रिलीज कसं करणार? ५० छर्रे मारून डबा उघडा आणि घड्या एकेक काढत छर्रे किती खोल गेलेत ते बघा. प्लेटपर्यंत एकही पोहोचता कामा नये. नेम सुधारला की सगळे छर्रे एकाच जागी बसतात आणि कापडात बोगदा पडतो. म्हणजे तुम्ही जितके चांगले, ट्रॅप तितका लवकर निकामी! म्हणून घड्या फिरवत राहा आणि फाटलेल्या बदला.

पण डब्याचं तोंड साधारण ९ इंचाचं. नेम चुकला तर? त्यासाठी मागे ३ बाय ३ फुटांचा प्लायवूड आणि त्याच्या वीतभर पुढे सैल टांगलेली जुनी गोधडी. खालची बाजू मोकळी ठेवा. गोधडी झुलते, वेग खाते आणि छर्रा खाली पडतो. स्टीलच्या गोल बीबी मात्र या सेटअपवर अजिबात मारू नका, त्या फार उसळतात.

शिशाचंही बघा. ५०० छर्र्यांचा एक डबा म्हणजे जवळपास पाव किलो शिसं. ट्रॅप उघडताना हातमोजे घाला आणि जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हात साबणानं धुतल्याशिवाय खायचं नाही आणि लहान मुलांना तिथं येऊ द्यायचं नाही. जमलेलं शिसं बंद बरणीत ठेवून भंगारवाल्याला द्या.

आणि नियम: डोळ्यांवर सेफ्टी चष्मा, माझ्या पुढे कुणी नाही, ट्रॅपच्या बाजूला उघडणारं दार आतून बंद.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं, तेव्हा मला रायफलचं वेड लागलं. माझं पदक एवढंच, की आता मी सराव करताना आई मागच्या खुर्चीत बसून निवांत चहा पिते. चष्मा घालून, अर्थात.

चला, भेटू पुढच्या भागात!