निवडून आलेल्यांनाही ऐकून घ्यावे लागते





नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीतल्या एका विद्यार्थिनीने आम्हास विचारले, "सर, सरकार आपणच निवडून देतो ना? मग न्यायालय त्याला कसे काय अडवते?" तेवढ्यात घंटा झाली व उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पूर्ण करीत आहोत. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कायद्याच्या मराठी शब्दांत कोठे चुकल्यास सांभाळून घ्यावे.)

लोकशाही म्हणजे काय, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की अधिकारी मंत्र्याला, मंत्री सभागृहाला आणि सभागृह मतदारांना जबाबदार असते. एवढी साखळी पुरे. दुसरे उत्तर विचारते, की ज्याच्यावर आज अन्याय झाला त्याने पाच वर्षे पुढच्या निवडणुकीची वाट पाहावी काय? त्याच्याविरुद्ध निर्णय घेण्यापूर्वी त्याची बाजू ऐकावी, कारण सांगावे, हीही लोकशाहीच. न्यायाधीश यांपैकी कोणते उत्तर मानतात, त्याप्रमाणे संविधानातील एकाच वाक्याचा अर्थ बदलतो.

अनुच्छेद २१ पाहा. कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. १९५० साली कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन स्थानबद्धतेत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले, की संसदेने पद्धत ठरविली आहे, तेवढे पुरे; ती न्याय्य आहे की नाही हे न्यायालय तपासणार नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी मात्र वेगळे मत दिले. त्यांच्या मते सूचना देणे, बाजू ऐकणे व निर्णय देणारा निःपक्षपाती असणे या गोष्टी त्या पद्धतीत येतातच.

पुढे १९६९ मध्ये क्रायपाक खटला झाला. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेसाठी निवड होती. निवड मंडळातील एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता! आपल्या नावाच्या वेळी तो बाजूला झाला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी मंडळात होता. ज्याचा पेपर तोच तपासनीस, असाच हा प्रकार. न्यायालयाने निवड रद्द केली आणि नैसर्गिक न्यायाचे नियम कचेरीतील साध्या प्रशासकीय निर्णयांनाही लागू होतात हे स्पष्ट केले.

मग १९७७. मार्चमध्ये मोठ्या बहुमताने नवे सरकार आले. जुलैमध्ये मनेका गांधी यांना पासपोर्ट जमा करण्यास सांगितले गेले. कारण मागितले असता ते सांगणे जनहिताचे नाही, असे उत्तर आले. जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कार्यपद्धती न्याय्य व वाजवी हवी, मनमानी नव्हे. पासपोर्ट काही लगेच हाती पडला नाही, कारण सरकारने बाजू ऐकण्याचे आश्वासन दिल्यावर तो न्यायालयाकडेच ठेवला गेला. पण २८ वर्षांपूर्वीचा तो अर्थ मागे पडला. आता २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातच, प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधित व्यक्तीस द्यावीत असे कलम ४ सांगते.

हे लिहिताना आम्हास आमचीच एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी बाक मोडल्याच्या तक्रारीवरून आम्ही एका मुलास स्नेहसंमेलनाच्या नाटकातून काढले. त्याला काही विचारले नाही. तो त्या दिवशी आजारी होता, हे हजेरीपटावरून आठ दिवसांनी कळले. तोपर्यंत नाटक होऊन गेले होते. वडील भेटावयास आले, रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "त्याला एकदा विचारायला हवे होते."

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही एक प्रस्ताव ठेवीत आहोत. कोणत्याही शिक्षेपूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे नोंदवावे, शिक्षेचे कारण डायरीत लिहून द्यावे, आणि तक्रार करणाऱ्या शिक्षकानेच निर्णय देऊ नये. पालकांनी आपली मते कार्यालयात लेखी द्यावीत. विद्यार्थ्यांनीही द्यावीत.