जूनचा पाऊस कितवा?

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीच्या धान उत्पादकासाठी वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पऱ्हे टाकायचे ते याच पावसावर, रोवणी त्यानंतर. कॅलेंडरप्रमाणे मांडलेल्या तक्त्यात मात्र जून सहावा. दोन्ही मोजण्या बरोबरच. घोटाळा होतो तो संगणकाला ‘सहावा महिना दे’ असं सांगताना. तक्ता जूनपासून मांडलेला असेल तर तो निमूटपणे नोव्हेंबरचा पाऊस हातात ठेवतो. आकडा खराच असतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या ‘आर’ या संगणकभाषेत यावर साधा उपाय आहे. भंडारा जिल्ह्याचे ७ तालुके, १२ महिने आणि २० वर्षं असा पाऊस मांडला तर १,६८० आकडे होतात. स्मृतीत ते एकाच लांब रांगेत असतात: पहिल्या महिन्याचे सातही तालुके, मग दुसऱ्या महिन्याचे. या रांगेवर तालुका, महिना, वर्ष अशा तीन मितींची घडी घातली की तिला ‘ॲरे’ म्हणतात. प्रत्येक मितीतल्या घरांना नावं द्यायची सोय म्हणजे ‘डिमनेम्स’. मग चौकोनी कंसात "तुमसर", "जून", "२०१५" एवढं लिहायचं. वर्षालाही अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर आर दोन हजार पंधरावं घर शोधू लागते. ‘तुमसर’चं ‘तुमसार’ झालं तर ती तिथेच अडते. चुकीच्या उत्तरापेक्षा हे अडणं कितीतरी मोलाचं.

एक उणीव राहते. ‘तालुका’, ‘महिना’, ‘वर्ष’ अशी खुद्द मितींनाही नावं देता येतात, पण चौकोनी कंस ती ऐकत नाही. कोणती मिती कितवी हे स्वल्पविराम मोजूनच ठरतं. कुणी तक्ता फिरवून वर्ष आधी ठेवलं की जुना आदेश निकामी. आरच्याच ‘अप्लाय’ या फंक्शनला मात्र ‘महिना’ म्हटलेलं कळतं. कंसासाठी आपणच छोटं फंक्शन लिहावं: ‘मॅच’ने मितीचा क्रम शोधायचा, बाकीच्या मिती अख्ख्या घ्यायच्या आणि ‘डू डॉट कॉल’ने मागणी पुरी करायची. एकच तालुका मागितला की ती मिती गळून पडते, म्हणून सोबत ‘ड्रॉप’ला ‘फॉल्स’ सांगायचं. पायथन भाषेच्या ‘एक्सॲरे’ या पॅकेजमध्ये मितीचं नाव घेऊन निवडण्याची सोय आधीपासूनच आहे.

शेतीच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्यांनो, पावसाचा तक्ता हाती आला की बेरजेच्या आधी त्याच्या तिन्ही मितींना नावं द्या, आणि जून हवा असेल तर ‘जून’च लिहा.